गाजरगवताचं पांघरूण

"साहेब, हे रोप तुमी मारलं."

दगडाबाईनं आवाज चढवला नाही. चढवायला अंगात काही शिल्लक लागतं. मिरचीच्या वाफ्याच्या कडेला ती उकिडवी बसली होती आणि एकेक रोप उपटून समोर ठेवत होती. बोटभर उंची, पिवळी पानं, मुळ्या जळक्या दोऱ्यासारख्या.

पंचनाम्याला आलेल्या शेती खात्याच्या साहेबानं बुटाची माती बांधाला घासली. "मावशी, ही मर आहे. बुरशी. पाणी जास्त झालंय तुमच्याकडून."

"सगळ्या वाफ्यांला एकाच झारीनं पाणी घातलंय."

वाफे सहा होते. तेच बी, तीच माती, पेरणीही एकाच सकाळची. पाच वाफ्यांवर तिनं बांधावरचं ओलं गाजरगवत कापून अंथरलं होतं. सहाव्याच्या वेळी जन्मभराच्या सवयीनं हात ज्वारीच्या वाळल्या कडब्याकडे गेला. त्या एका वाफ्यात रोप वीतभर झालं होतं, हिरवंगार. बाकी पाचांवर झारीचं पाणी रोज गवतावरून पडलं आणि त्याचा कडू रस मातीत उतरत गेला.

गवत अंथरायला ह्याच साहेबानं सांगितलं होतं, देवळापुढच्या बैठकीत. फुकटचं आच्छादन म्हणाला होता. दगडाबाईच्या हातात पेंढी देऊन फोटोही काढून घेतला होता.

"बुरशी लय हुशार दिसती," सून राजेश्री म्हणाली. "पाच वाफे खाल्ले अन् सहाव्याला वळखच दिली न्हाई."

साहेब हसला नाही. "मी काय मनानं सांगितलं? वरून कागद आला, तो वाचून दाखवला."

"कागदात वलं गवत लिवलंय?" राजेश्रीनं विचारलं.

"आच्छादन लिहिलंय. ओलं की वाळलं, ते नाही लिहिलेलं."

"अन् तुमी इच्यारलं बी न्हाई कुनाला."

साहेबानं मांडीवर फॉर्म घेतला. कारणाच्या रकान्यात 'मर रोग, अतिरिक्त पाणी' असं लिहिलं आणि अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढं केला.

दगडाबाई त्या डब्याकडे बघत राहिली. गवत कापून तिच्या हातांना पुरळ उठलं होतं, बोटं सुजली होती. खाजतही नव्हती आता. वीस वर्षं गाव मिरचीचं रोप तिच्याकडून नेत होतं. दुसरीकडं कुणी चौकशीसुद्धा करत नसे. उद्या गावातल्या बाया रोप न्यायला येणार होत्या. त्यांनी सऱ्या पाडल्या होत्या, रानं भिजवली होती. आणि एका वाफ्यात चार घरांचंही भागणार नव्हतं.

तिनं अंगठा पदराखाली घेतला.

"सकाळी सातला टोपल्या घेऊन येत्यात बाया. गवत टाकायला कुनी सांगितलं, ते तुमी हितं उबं राहून त्यांला सांगायचं. येता का न्हाई, तेवढं बोला."