दरवर्षी नवा कोर्स

"आपल्या शाळेले ना अनुदान, ना पुरते मास्तर. तरी दरवर्षी नवा कोर्स देतो," पालकसभेत संस्थाध्यक्ष गुलाबराव छाती फुगवून सांगत होते.

खोटं नव्हतं. पंचफुलाबाईंचा सुबोध नववीत गवंडीकाम शिकला, दहावीत वायरिंग, अकरावीत रंगकाम. शिकवायला कोणी नव्हतं, पण प्रॅक्टिकल एकही चुकलं नाही. संस्थेची जीप पोरांना न चुकता मलकापूरला न्यायची.

पंचफुलाबाई उठल्या. "सायेब, आता बारावीत तरी पोराले कम्प्युटर शिकवा."

"त्याले माणूस कुठून आणू, बाई? यंदा केटरिंग ठेवलं. पोरगं पोटापाण्याले लागंल."

टाळ्या पडल्या. शिकवायला मास्तर नव्हते, टाळ्यांना बरोबर होते.

घरी जाताना पंचफुलाबाईंनी पोराला विचारलं, "गवंडीकाम झालं, रंगकाम झालं. आता मधातच हे केटरिंग काऊन रे?"

 

"माय, मलकापूरचा बंगला झाला ना त्याईचा बांधून. पुढच्या महिन्यात वास्तूचं जेवण हाय."