नमुना सही

बँकेतल्या इंटर्नशिपच्या पहिल्याच दिवशी भिंगसाहेबांनी तिच्या पालकांचं परवानगीपत्र भिंगाखाली धरलं.

"वडील काय करतात?"

"शिवणकाम, सर. कोपऱ्यावर दुकान आहे त्यांचं."

"हं." भिंग सहीवरून एकदा पुढे गेलं, एकदा मागे आलं. "वर लिहिलाय तो दुकानाचाच फोन ना?"

"हो सर."

"बरं. लाग कामाला." त्यांनी पत्र फाइलीत ठेवलं, फाइल खणात ठेवली आणि खणाला कुलूप लावलं. तीस वर्षं सह्या पडताळणाऱ्या या अधिकाऱ्यांना सगळी बँक भिंगसाहेबच म्हणायची.

ती सही बाबांची नव्हती. तिने स्वतः केली होती, नववीचं प्रगतिपुस्तक समोर ठेवून, आधी रद्दीवर चाळीसेक वेळा गिरवून. करणार काय? उन्हाळ्यात दोन महिने इंटर्नशिप केल्याशिवाय कॉलेज पदवी देणार नव्हतं. तिच्या वाट्याला आली नेमकी हीच बँक, आणि या बँकेचं नाव काढलं की बाबांचा पारा चढायचा.

पाच वर्षांपूर्वी मशीनची सुई बाबांच्या बोटातून आरपार गेली होती. बोट बरं झालं, अक्षर मात्र बिघडलं. मग भर रांगेत, "सही जुळत नाही," असं सांगून बँकेने त्यांना तीनदा परत पाठवलं. "सही माझी, आणि तो जाड चष्म्याचा साहेब मलाच सांगतो, तुमची नाही म्हणून!" त्या दिवशी त्यांनी ठरवलं, पुन्हा या बँकेची पायरी चढायची नाही. इंटर्नशिपचं विचारलं तेव्हा त्यांनी कात्री खाली ठेवली आणि फक्त "नाही" म्हणाले. बाबांच्या नाहीपुढे घरात कुणाचं काही चालत नसे.

म्हणून घरी लायब्ररीची थाप मारली. खरं फक्त आईला ठाऊक होतं. "मला यात ओढू नकोस हं," आई म्हणाली खरी, पण रोज डबा भरून हातात द्यायला चुकली नाही.

आणि तो जाड चष्म्याचा साहेब कोण, हे कळायला तिला इथे पाच मिनिटंही लागली नव्हती. सही खोटी ठरली असती तर प्रमाणपत्र गेलं असतं, वर्ष गेलं असतं आणि बाबांना सगळं कळलं असतं ते वेगळंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी दोन नवेकोरे शर्ट तिच्यापुढे ठेवले. रात्रीतून शिवले होते.

"लायब्ररीत चार माणसं असतात. नीटनेटकं जावं," ते म्हणाले. "आणि वेळेत जा. उशीर बरा दिसत नाही."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शर्ट अगदी मापात बसला होता.

काम तसं किचकट होतं. नमुना सह्यांची जुनी कार्डं स्कॅन करायची आणि खातेदाराच्या आताच्या सहीशी ताडून बघायची. भिंगसाहेब मधूनच एखादं कार्ड पुढे सरकवायचे.

"सांग, खरी की खोटी?"

"खोटी, सर. वाकडीतिकडी आहे."

"चूक. वाकडी आहे म्हणूनच खरी. खोटी सही करणारा जीव मुठीत धरून करतो, म्हणून ती सुबक येते. स्वतःची सही करताना माणूस कागदाकडे धड बघतही नाही." त्यांनी चष्मा पुसला. "हे कळायला मला फार वर्षं लागली. तोवर चांगल्या चांगल्या माणसांना परत पाठवलं मी."

तिने मान खाली घालून पुढचं कार्ड घेतलं. हा विषय लवकर संपावा, एवढंच तिला वाटत होतं.

हळूहळू तिचा डोळा तयार झाला. महिन्याभरात तिने दोन खोट्या सह्या पकडल्या. कॅशियरबाई तिला "छोटं भिंग" म्हणू लागल्या. सगळे हसायचे, तीही हसायची. पण साहेबांचा हात खणाकडे गेला की तिच्या तोंडचं पाणी पळायचं.

शेवटच्या दिवशी तो खण उघडलाच.

"प्रमाणपत्र देण्याआधी सगळे कागद पुन्हा पडताळायचे," साहेब म्हणाले. "नियम आहे."

आता सांगूनच टाकावं, असं तिला वाटलं. दोन महिने ज्यांनी इतक्या मायेने शिकवलं त्यांच्या तोंडावर आणखी खोटं बोलवेना.

"सर, त्या पत्रावरची सही..."

"मधे बोलू नकोस."

त्यांनी पत्र पाहिलं. भिंग उचललंसुद्धा नाही. शिक्का शाईत दाबला आणि कागदावर उमटवला.

"सही बरोबर आहे," ते म्हणाले आणि प्रमाणपत्र तिच्या हातात दिलं. शेरा होता, उत्तम. "एवढी फाइल वर रेकॉर्डच्या खोलीत ठेव आणि सूट घरी."

सुटले रे बाबा! तिला एकदम हलकं हलकं वाटलं. हसावं की रडावं कळेना. आख्ख्या गावाच्या खोट्या सह्या पकडणाऱ्या माणसाच्या नाकाखालून तिची सही निसटली होती. घरी गेल्यावर बाबांना केव्हातरी हळूच सांगू, त्यांचा राग जरा निवला की.

जिन्यात तिच्यातलं छोटं भिंग काही गप्प बसेना. आपली कारागिरी एकदा शिकल्या डोळ्यांनी बघावी म्हणून तिने फाइल उघडली.

मजकूर तोच होता, कागद मात्र नवा. सुबक वळणं कुठेच दिसेनात. पहिलं अक्षर अर्ध्यावर थरथरलेलं, शेवटची रेघ वाकडी होऊन चौकटीबाहेर गेलेली, आणि सगळी सही एका झटक्यात, न घाबरता केलेली.

खाली तारीख होती, तिच्या कामाच्या दुसऱ्या दिवसाची. शेजारी भिंगसाहेबांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: "वडिलांनी बँकेत येऊन माझ्यासमक्ष सही केली."