गाळातली चौकट

उजनी धरणाचं पाणी उतरलं, बुडालेलं गाव उघडं पडलं आणि म्हातारी माणसं आपापल्या घरांच्या जोत्यांवर बसून डोळे पुसू लागली. सोलापुरातल्या सात रस्ता भागातल्या फ्लॅटमधून गाडी करून आलेल्या बिरुदेवरावांना त्यांची कीवसुद्धा आली नाही.

"ज्ञानबा, घर होतं ते का खुराडं?" त्यांनी बालमित्राला टोमणा मारला. "रडतोस कशाला?"

"खुराडंच व्हतं की. पर आई तितनं हाक मारायची."

कुणाचं कधी काय चुकलं, हे सगळं बिरुदेवरावांच्या डोक्यात पक्कं होतं. लहानपणीच गेलेल्या आईचा आवाज तेवढा आठवत नव्हता. खरं तर त्याच्यासाठीच ते आले होते, पण कबूल करतील तर बिरुदेवराव कसले!

त्यांच्या घराची नुसती दगडी चौकट उरली होती. भिंत नाही, दार नाही, पलीकडे भेगाळलेला गाळ.

"तू बी मार की हाक," ज्ञानबा म्हणाला.

"ओ कोण देणार, खेकडे?" बिरुदेवराव फिदीफिदी हसले आणि नाटकी सुरात ओरडले, "आई, आलो गं!"

गाळाच्या कुबट वासात ताज्या भाकरीचा वास मिसळला.

"कोण हाय?" चौकटीतून आवाज आला. ऐकताक्षणी ओळखू आला.

बिरुदेवरावांचं हसू विरलं. "मी... बिरू."

"आमचा बिरू कवाच आलाय. जेवतोय की हितं," आवाज तुसडेपणानं म्हणाला. "तुमी कोण?"

आणि दार नसलेल्या त्या चौकटीला आतून कडी लागली.