छत्रीवाल्याचा कोपरा

जुना बाजार पाडून तिथे चार मजली मॉल उभा राहिला, पण आमच्या लोकांच्या डोक्यातला बाजार काही जागचा हलेना. बाजारात तीस वर्षं हजामती केलेले काका आता मॉलच्या चौकशीच्या टेबलावर बसतात. खेळण्यांचं दुकान कुठे म्हणून कुणी विचारलं, की ते बिनदिक्कत सांगायचे, "छत्रीवाल्याच्या कोपऱ्यावरून डावीकडे वळा, घड्याळजीच्या समोर." छत्रीवाला आणि घड्याळजी दोघंही दुकानं आवरून केव्हाच गेले होते, तरी माणसं बरोब्बर पोहोचायची.

नवे मॅनेजर बाहेरगावचे. जुना बाजार त्यांनी फोटोतसुद्धा पाहिला नव्हता. एक दिवस ते भडकलेच. "अहो काका, त्या जागेला 'विभाग ब, खांब क्रमांक सात' म्हणायचं! पुन्हा त्या छत्रीवाल्याचं नाव काढलंत, तर उद्यापासून घरी बसा."

काकांनी मान डोलावली. दिवसभर ते इमानेइतबारे खांबांचे क्रमांक सांगत राहिले, आणि तीच तीच माणसं दर दहा मिनिटांनी घामाघूम होऊन टेबलापाशी परत येत राहिली.

त्याच आठवड्यात रविवारी गर्दीत मॅनेजरांची पाच वर्षांची मुलगी बोट सोडून कुठेतरी गेली. बिचारे धापा टाकत टेबलाशी आले आणि काकांच्या हातातला माइक त्यांनी हिसकावूनच घेतला.

 

"पिवळा फ्रॉक, दोन वेण्या! कुणालाही दिसली तर लगेच छत्रीवाल्याच्या कोपऱ्यावर घेऊन या हो!"