कढईतली कोंबडी

बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत झालेला सयाजी आईकडे, तासगावजवळच्या वस्तीवर, जेवायला आला आणि मागोमाग फौजदारही. लेकाला कडब्याच्या गंजीत लपवून रंगुबाई चुलीपुढं बसली. लोखंडी कढईत कोंबडी रटरटत होती. “नवरा गेल्यापासून तू वशाट सोडलंस, गावाला ठाऊक आहे. ही कोंबडी कुणासाठी?” फौजदार गरजला. “माझ्यासाठी. आजपासनं खाती मी. सरकारची बंदी हाय व्हय?” “खा मग माझ्यासमोर.” तिनं कढईच पुढ्यात ओढली आणि डोळ्याला डोळा भिडवून एकेक हाड चोखून त्याच्या बुटापाशी टाकलं. शेवटी तोच तोंड फिरवून निघून गेला. सयाजी बाहेर आला तेव्हा कढईत नुसता रस्सा उरला होता. “आये, माझ्यापायी नेम मोडलास?” “नेमाचं ऱ्हाऊ दे!” ती फणकारली. “अकरा वरसं न चाखता रांधतीया, मीठ लय कमी पडतंय, आन एकानंबी सांगितलं न्हाई!”