घरचं सगळं छान

बहिणीच्या घरी राहायला जाण्यात मावशीचा फायदाच होता. स्वतःच्या घरात सुनेचं राज्य. इथे अख्खं स्वयंपाकघर हाती येणार होतं. शिवाय ‘मी होते म्हणून निभावलं’ हे वाक्य जन्मभर पुरणार होतं. माया होतीच. पण नुसत्या मायेवर कोण उठून दुसऱ्याच्या घरची भांडी लावायला जातं?

बहिणीच्या धाकट्याला रक्ताचा कर्करोग होता. आईबाबा आळीपाळीने त्याच्याजवळ दवाखान्यात. मावशीने आल्या आल्या कायदा केला : दवाखान्यातून आलेल्या माणसाला घरातलं रडगाणं ऐकवायचं नाही. नळ गळो, वरच्या मजल्यावरचे भांडायला येवोत, मावशी सगळं उंबऱ्यातच अडवणार. थोरलीलाही तिने समोर बसवून पढवलं. आईने विचारलं की म्हणायचं, सगळं छान.

थोरली नऊ वर्षांची, पण शब्दाची पक्की. आईचा फोन आला की एकच उत्तर. मध्ये शाळेतल्या बाईंनी तक्रार केली, हाक मारली तरी ही बघत नाही. मावशीने त्यांनाही परस्पर वाटेला लावलं : घरात एवढं आजारपण, पोरीचं चित्त थाऱ्यावर कसं असेल? बाईंना पटलं. कोणालाही पटलं असतं.

अखेर धाकट्याचे उपचार संपले. आता फक्त तपासणीला येत जा, डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर बाबा किती तरी दिवसांनी पाय पसरून बसले. ताई, तुमच्यामुळे घराकडे वळूनसुद्धा बघावं लागलं नाही, म्हणाले. माझं कसलं कौतुक, असं म्हणून मावशी आणखी कौतुकासाठी थांबली.

तेवढ्यात थोरली आईशेजारी येऊन बसली.

“मावशी, आता चालेल का?”

“काय गं?”

“वाईट सांगितलेलं.”

सगळे हसले. सांग बाई, तुझीही फिर्याद ऐकू, बाबा म्हणाले.

“माझा डावा कान वाहायचा. आता दुखत नाही. पण त्याने ऐकूच येत नाही.”

आईने कसंबसं विचारलं, कधीपासून? ती थोरलीच्या डाव्या बाजूला बसली होती. तिला पुन्हा, मोठ्याने विचारावं लागलं.

थोरलीने धाकट्याकडे पाहिलं.

“त्याचे केस गेले ना, तेव्हापासून.”

धाकटा वाचला, आईबाबा तगले, मावशीचं नाव झालं. फेडलं ते थोरलीने, एका कानाने.