उणे आठ

गंगाधर सर शाळेच्या अंगणात फक्कीनं संख्यारेषा आखायचे. गणित चुकलं की उणे आठावर उभं राहायचं, आणि उणे आठ असायचा फाटकाबाहेर, उन्हात. मेंढपाळाची सुकन्या तिथं अनवाणी उभी राहून राहून मोठी झाली.

वीस वर्षांनी ती सोलापूरहून तपासणीला आली, तेव्हा तिथं दुसरीच मुलगी उभी होती. तिला आत घेऊन सुकन्यानं वर्गासमोर विचारलं, "सर, उणे तीनातून उणे पाच वजा केले तर?"

"उणे आठ, मॅडम," सर गडबडले.

"दोन," ती मुलगी पुटपुटली.

"उत्तर चुकलं, सर. पण जागा बरोबर सांगितलीत की."

सर खालमानेनं दाराशी चपला घालू लागले.

"चपला ठेवा," सुकन्या म्हणाली. "आमी घालत नव्हतो."